आधी वाचायचं पत्र

उद्या सीझर घराबाहेर पडेल का, याची चिंता त्या रात्री त्याच्या खुनाचा कट रचायला ब्रूटसच्या घरी जमलेल्या मंडळींना लागली होती. हल्ली तो शकुन-अपशकुन मानू लागलाय, अशा वादळी रात्रीनंतर ज्योतिषी त्याला अडवतील, असं कॅशियसला वाटत होतं. डेशियस पुढे झाला. म्हणाला, त्याला आणायचं काम माझ्याकडे.

डेशियसला सीझरची नस सापडली होती. अस्वलाला आरशाने भुलवतात, हत्तीला खड्ड्यात पाडतात, सिंहाला जाळ्यात धरतात आणि माणसाला तोंडपुजे पकडतात, हे ऐकायला सीझरला फार आवडायचं. मग डेशियस त्याला म्हणायचा, तुम्हाला मात्र तोंडपुज्यांचा तिटकारा आहे. सीझर म्हणायचा, खरंय. आणि नेमका तेव्हाच तो हरभऱ्याच्या झाडावर चढलेला असायचा. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये खंजीर तिसऱ्या अंकात उपसले जातात. माझ्या मते सीझर सापडला तो इथेच, दुसऱ्या अंकात.

सकाळी कॅल्पर्नियाने नवऱ्याला अडवलं. तिला स्वप्न पडलं होतं : सीझरच्या पुतळ्यातून कारंज्यासारखं रक्त उडतंय आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवताहेत. सीझर थांबायला तयारही झाला. तेवढ्यात डेशियस आला. त्याने स्वप्न नाकारलं नाही, नुसतं फिरवलं. हे रक्त म्हणजे रोमला तुमच्याकडून मिळणारी संजीवनी, म्हणाला. शिवाय सिनेट आज मुकुट द्यायचा म्हणतेय. बायकोला बरं स्वप्न पडेपर्यंत सभा तहकूब करा, असं कुणी कुचेष्टेने म्हटलं तर? कॅल्पर्नियाच्या भीतीची सीझरला लाज वाटली. त्याने अंगरखा मागवला.

वाटेत आर्टेमिडोरस उभा होता. त्याच्या पत्रात कटातली आठ नावं होती, ब्रूटसपासून लिगेरियसपर्यंत; डेशियसचंही होतं. तो पत्र पुढे करतो तोच डेशियसने दुसरा कागद सरकवला : ट्रेबोनियसचा अर्ज, सवडीने वाचावा. आर्टेमिडोरस कळवळून सांगू लागला, माझं आधी वाचा, ते तुमच्या स्वतःबद्दल आहे.

बिचाऱ्याने नको ते कारण दिलं. माझ्याबद्दल असेल तर सर्वांत शेवटी, असं सांगून सीझर पुढे गेला.

प्लुटार्कच्या इतिहासात हे असं नाही. तिथे सीझर पत्र हातात घेतो, वाचायलाही बघतो, पण लोकांच्या गर्दीत ते जमत नाही; न वाचलेलं पत्र हातात धरूनच तो सभेत शिरतो. शेक्सपिअरने ती गर्दी बाजूला काढली आणि तिच्या जागी सीझरचा मोठेपणा ठेवला. मला हा बदल साऱ्या नाटकातला सर्वांत क्रूर वाटतो. कारण ते वाक्य चांगलं आहे! आपल्या राज्यकर्त्याने असंच म्हणावं, असं आपल्यालाही वाटतं. स्वतःचं काम मागे ठेवणारा माणूस थोर दिसतो, आणि आपण थोर दिसतोय हे त्यालाही ठाऊक असतं.

सभेत मेटेलस सिंबर हद्दपार भावासाठी गुडघे टेकून विनवू लागला. सीझरने त्याला झिडकारलं : असल्या लाळघोटेपणाने मूर्ख विरघळतात, मी नाही. मी ध्रुवताऱ्यासारखा अढळ आहे. त्याला विनवणाऱ्यांत डेशियसही होता. त्याला हे शब्द ओळखीचे वाटले असणार. मग कॅस्काचा खंजीर आला, त्यामागून बाकीच्यांचे, शेवटी ब्रूटसचा. इतिहासातला तो दिवस इ. स. पू. 44 मधला 15 मार्च.

नंतर चौकात अँटनीने सीझरचा दुसरा एक कागद वर धरला, त्याचं मृत्युपत्र. तो वाचायला टाळाटाळ करू लागला तसे लोक ओरडू लागले, वाचा, वाचा! त्यात प्रत्येक रोमन नागरिकाला 75 द्राख्मा आणि टायबरकाठच्या सीझरच्या बागा सगळ्यांसाठी ठेवल्या होत्या. तो कागद मात्र लोकांनी कान देऊन ऐकला.