ऋण, वचन आणि सुटका

आपल्याकडे मनुष्य जन्मतःच ऋणी मानलेला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण फेडण्यात आयुष्य वेचावे अशी शिकवण. आणि घेतलेले न फेडणारा तो बुडव्या, हा संस्कार तर हाडीमांसी खिळलेला. याच संस्काराच्या पोटात एक कठीण प्रश्न दडला आहे. कर्जापायी धन्याकडे राबणारा मनुष्य एके रात्री निघून गेला, तर त्याने वचनभंग केला काय? आणि ज्याने त्यास साहाय्य केले, तो बुडवेगिरीचा वाटेकरी ठरतो काय?

बंगळूरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. या दास्यास येथे 'जीत' म्हणतात व त्यात अडकलेल्यास 'जीतदाळू'. शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवरून व दगडखाणींतून उचलीत गुंतलेली कुटुंबे सोडविल्याच्या वार्ता या शतकातही आल्या आहेत. शिवराम कारंतांच्या १९३३ मधील 'चोमन दुडी' या कादंबरीतला चोमा कर्ज नाकारीत नाही. ते फिटावे म्हणून तो पोटची पोरे कॉफीच्या मळ्यावर धाडतो. बेडी त्याच्या पायात नाही, त्याच्या प्रामाणिकपणात आहे.

हे कानडी मुलखाचेच दुखणे, असे मात्र कोणी समजू नये. ठाणे जिल्ह्यात लग्नापुरते रुपये उचलून नवराबायकोने सावकाराच्या दारी जन्मभर राबावयाचे, त्यास 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर वारली जथ्याजथ्याने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांनी लग्नगडी बाहेर आणले.

त्यांनी कोणाचे बुडविले? ज्या वहीत घातलेला घाम जमेस धरला जात नाही आणि जी वही एकाच्याच हाती असते, तीवरून ऋण सिद्ध होत नाही. पण आम्ही केवळ हिशेबावर विसंबत नाही. समजा, कर्ज खरे आहे आणि फिटलेलेही नाही. तरी मनुष्य पैसा देणे लागतो, स्वतःला देणे लागत नाही, आणि मुलाला तर मुळीच नाही. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याच्या घरावर जप्ती येते. त्याच्या पायांवर कोणी जप्ती आणीत नाही. १९७५ च्या ऑक्टोबरातील वटहुकूम व पाठोपाठ आलेला १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा यांनी हेच मान्य केले. असे ऋण फेडण्याचे दायित्वच संपले, आणि ते वेठीचे ऋण नव्हे हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडला.

आम्ही चाकरमाने बदलीचा हुकूम आला की आपल्या नोकरीस 'गुलामगिरी' म्हणून मोकळे होतो. जोतीराव फुल्यांनी या नावाचे पुस्तक १८७३ साली अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केले होते. तो शब्द थोडा जपून वापरावा.

सुटलेल्याने मागे वळून इतरांस सोडविलेच पाहिजे काय, हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो. बाहेरच्या साहाय्यकास फार तर गैरसोय सोसावी लागते. त्याचे तर छप्पर, भाकरी आणि मागे राहिलेले भाऊबंद हे सारेच पणास लागते. त्याने आधी आपले घर शाकारले, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. सुटकेचे कर्तव्य कायद्याने त्याच्यावर टाकलेलेच नाही. ते जिल्हाधिकाऱ्यावर व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकले आहे: चौकशी करावयाची, आणि वेठ आढळली की तत्काळ पावले उचलावयाची. आमच्या वाचकांपैकी काहींच्या मेजावर असा अर्ज येऊन पडला असेल. तो तेथे पडून असेतो अर्जदार भट्टीवरच असतो.