गळ, आमिष आणि करमणूक

पोटासाठी मासा धरणे आणि करमणुकीसाठी मासा धरणे यांत नैतिकदृष्ट्या काही फरक आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या बाजूने, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरकरणी प्रश्न किरकोळ वाटेल. आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी निम्म्या घरांत मासे शिजतात आणि निम्म्या घरांत त्यांचा वासही चालत नाही. त्यामुळे हा विषय पंक्तीपुरताच राहिला आणि त्यावर तात्त्विक चर्चा क्वचितच झाली. शिवाय विश्वामित्रीतील मगरींनी शहरात तरी काठावर गळ टाकून बसण्याची सोय कोणाला ठेवलेली नाही. परंतु गेल्या काही वर्षांत हा छंद आपल्या मुलानातवंडांपर्यंत पोहोचला आहे. घडीच्या काठ्या, रिळे, नायलॉनचे दोरे, रंगीत खोटे मासे ही सामग्री घरपोच मिळू लागली आहे. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब धरणाच्या काठी जावे, होडी भाड्याने घ्यावी, मासा धरावा, त्याच्यासह छायाचित्र काढावे आणि तो पुन्हा पाण्यात सोडावा, असा क्रम रूढ होऊ पाहत आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनी या बाबतीत काही एक मत बनविणे आवश्यक झाले आहे.

हा छंद इंग्रजांनी आणला, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांत 'मत्स्यविनोद' या नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, याचा तपशील त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पद्यामुळे परिचित आहे. आपल्याला विशेष अभिमानाची गोष्ट अशी की, तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९२५ पासून प्रसिद्ध झाला. आयझॅक वॉल्टन याचा गळाच्या छंदावरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ चा आहे. म्हणजे आपला राजा त्याच्या पाच शतके आधीचा.

परंतु याच भूमीत दुसराही प्रवाह आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली असता, ठराविक तिथींना मासे मारू वा विकू नयेत अशी आज्ञा आहे. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा तर सर्वश्रुत आहे. हात धुण्याच्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या ओंजळीत येतो आणि मोठे मासे मला खातील, माझे रक्षण कर, अशी विनंती करतो. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात सोडतो. मासा सोडण्याची ही आपल्याकडील आदिकथा म्हणावी लागेल. मात्र मनूने मासा सोडला, त्यापूर्वी त्याने तो गळाला लावलेला नव्हता, हे विसरता कामा नये.

आमच्या घरी हा विषय निघाला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. चिरंजीवांनी नव्या काठीसह धरणावर जाण्याचा बेत आखला होता. सूनबाई गुजराती वैष्णव घरातल्या. त्या गप्प होत्या, पण त्यांची नापसंती लपत नव्हती. मुलाने त्यांची समजूत घातली, "आपण मारणार कुठे आहोत? पकडून लगेच सोडणार." त्यावर माझ्या दहा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, सोडायचाच असेल तर पकडायचा कशाला?"

घरातील मोठ्यांना हसू आले. मला मात्र वाटले की, युरोपातील कायदेपंडितांनी ज्यावर पुष्कळ शाई खर्च केली तो मुद्दा या मुलाने एका वाक्यात मांडला. आपल्याकडील हौशी गळवाल्यांची नीती अशी आहे की, जो मासा सोडतो तो सज्जन आणि जो खातो तो लोभी. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये हे नेमके उलट आहे. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिरक्षण कायद्यानुसार सयुक्तिक कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाहीत. अन्न हे सयुक्तिक कारण ठरते. निव्वळ मजा ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास मनाई आहे. लहान किंवा संरक्षित जातीचा मासा चुकून लागला तर तो सोडावा लागतो, ही गोष्ट वेगळी. खाणाऱ्याला मुभा आणि सोडणाऱ्याला मनाई, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. विचाराअंती मात्र ते सुसंगत दिसते.

येथे माशाला वेदना होतात काय, हा प्रश्न अपरिहार्य आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधक महिलेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल व मधमाशीचे विष टोचून पाहिले. त्या माशांनी बराच वेळ अन्न घेतले नाही आणि काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. वेदनाशामक दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. उलटपक्षी, माशाच्या मेंदूत वेदनेची जाणीव होण्यास आवश्यक तो भागच नाही, असे प्रतिपादन अमेरिकेतील जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये केले होते, आणि तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु सरकारी नोकरीत आम्ही एक नियम शिकलो. शंका असेल तेव्हा, ज्याला बाजू मांडता येत नाही त्याचे नुकसान होणार नाही, असा निर्णय द्यावा. मासा अर्ज करू शकत नाही.

आता करमणुकीचे अंतरंग पाहू. काठावरची शांतता, पाण्यावर लागलेली दृष्टी, मुलाला शेजारी बसवून गाठ मारायला शिकविणे, होडीतले खाणेपिणे, हा सारा आनंद निर्मळ आहे. गळ लागल्यानंतर 'माशाला खेळविणे' म्हणून जो भाग असतो, त्यात मात्र खेळणारा एकच असतो. दुसरा जिवाच्या आकांताने ओढत असतो. १९४६ मध्ये काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महसीर मासा गळाला लावला. त्या विक्रमाचे महत्त्व माशाच्या वजनात आहे, तसेच त्याने दिलेल्या झुंजीतही आहे. ज्या आनंदाचा ऐवज दुसऱ्याची धडपड आहे, त्या आनंदाला कारण दाखविण्याची जबाबदारी आनंद घेणाऱ्यावर येते.

आपल्या भाषेने हे सूक्ष्मपणे टिपले आहे. 'आमिष' म्हणजे मांस आणि आमिष म्हणजे लालूच. 'सामिष' भोजन त्यातूनच आले. परंपरेने हरीण, हत्ती, पतंग, भुंगा आणि मासा हे पाच जीव पाच इंद्रियांच्या मोहाने नष्ट होतात, असे सांगून माशाच्या जिभेला दोष दिला. उपदेश झाला तो माशाला. काठी धरून बसलेल्याला कोणी काही विचारले नाही. चांदोदच्या घाटावर आपण नर्मदेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतो आणि पुण्य जोडले असे मानतो. तीच गोळी गळाच्या टोकाला लावली की ती आमिष होते. कणीक तीच, पाणी तेच, मासाही तोच. फरक आहे तो देणाऱ्याच्या हेतूत.

तथापि दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. कावेरीच्या काठी हौशी मंडळींच्या छावण्या होत्या. पूर्वी सुरुंगाने मासे मारणाऱ्यांपैकी काहींना तेथे वाटाड्याचे काम मिळाले आणि नदीवर पहारा राहिला. तो भाग अभयारण्यात येत असल्यामुळे २०१२ च्या सुमारास तेथील गळाचा छंद बंद झाला. परंतु १९९८ ते २०१२ या काळात गालिबोरे येथील छावणीत धरून सोडलेल्या माशांच्या ज्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यांच्यावरूनच पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, कावेरीचा मूळचा कुबडाचा महसीर झपाट्याने नाहीसा होत आहे. २०१८ मध्ये त्या जातीची नेमकी ओळख पटली आणि त्याच वर्षी तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. या ऱ्हासाच्या कारणांपैकी एक तर मनाला चटका लावणारे आहे. लोणावळ्याजवळच्या संवर्धन केंद्रात दख्खनच्या महसीराची पिल्ले वाढविण्यात आली. सायक्स या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णिलेली हीच ती जात. तिची पिल्ले सद्हेतूने कावेरीत सोडली गेली आणि ती मूळच्या जातीला भारी पडली. म्हणजे गळवाल्याच्या वहीने माशाची बाजू मांडली आणि संवर्धकाच्या औदार्याने त्याची जागा घेतली. केवळ हेतू शुद्ध असून भागत नाही, त्याला ज्ञानाची जोड लागते, हा धडा यातून घ्यावा.

सर्व बाजू तोलल्यावर माझे मत असे झाले आहे. ज्याच्या घरात मासे खाल्ले जातात, त्याने स्वतःच्या ताटापुरता मासा स्वतः धरावा, यात मला दोष दिसत नाही. किंबहुना बाजारातून साफ केलेले तुकडे आणणाऱ्यापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे, कारण जीव जाताना तो पाहतो. मात्र मासा हाती येताच त्याचा शेवट त्वरित करावा. त्याला पिशवीत तडफडत ठेवू नये. विणीच्या काळात गळ टाकू नये. गावचे तलाव पुष्कळदा मत्स्यपालनासाठी ठेक्याने दिलेले असतात. अशा तळ्यात विनापरवाना टाकलेला गळ माशाच्या आधी ठेकेदाराच्या उत्पन्नाला लागतो. अशी प्रकरणे नोकरीत मी पाहिली आहेत आणि त्यांत हौशी माणूस सहसा गाडीतून आलेला असे. चुकून लहान मासा लागला तर ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच, गळ काढून तो सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडलेला मासा पुढे दगावण्याची भीती राहते. गळाचा उलटा दात आधीच दाबून सपाट केला तर जखमही कमी होते.

ज्याला मासा खावयाचा नाही, आणि ज्याच्या धरण्या-सोडण्यातून नदीच्या हिताची काही नोंदही व्हावयाची नाही, त्याने केवळ झुंजीच्या गोडीसाठी गळ टाकणे मला समर्थनीय वाटत नाही. सोडण्याने वेदना पुसली जात नाही. फार तर धरणाऱ्याचे मन हलके होते. हे मत मी चिरंजीवांना सांगितले. त्यांना ते पूर्णतः पटले असे म्हणता येणार नाही. नदीकाठी बसण्याचे निमित्तच आपण काढून घेतो आहोत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. आजच्या मुलांना पाण्याकडे दोन तास निमूटपणे पाहावयास लावणारी साधने फार उरलेली नाहीत.

म्हणून वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी ही सामग्री आली आहे त्यांनी, मुलांना काठावर जरूर न्यावे, होडीतही बसवावे. मात्र काठी हाती देण्यापूर्वी, हा मासा आपण कशासाठी धरणार आहोत, हे त्यांना विचारावे. उत्तर देता आले तर गळ टाकावा. न आल्यास कणकेच्या गोळ्या तेवढ्या पाण्यात टाकून मासे वर कसे येतात ते पाहावे. तोही वेळ वाया जात नाही.