ठिपका वर, गंज आत



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८. धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ, असे तीन दृष्टांत भगवान देतात. कामामुळे ज्ञान असंच झाकलं जातं. आज फक्त आरशापाशी थांबू.

कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाहिली असेल. तिच्या चाकांवरची क्रोमची कॅप म्हणजे आरसाच! मुंबईच्या खाऱ्या हवेत तिच्यावर तांबूस ठिपके येतात. गंमत म्हणजे हा गंज क्रोमचा नसतोच. क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यातल्या बारीक छिद्रांतून ओलावा खालच्या लोखंडाला भिडतो आणि तिथला गंज वर येतो.

जाणकार माणूस आधी साबणाच्या पाण्याने धूळ आणि ब्रेकची काजळी धुतो. मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि चकाकी टिकते. जहाल ॲसिड तो लावत नाही. शेवटी कॅप कोरडी करून वॅक्स लावतो. काही दिवसांनी पुन्हा हेच.

आता आपलं बघा. ऑफिसमधला अपमान गिळायचा आणि रात्री आईवर ओरडायचं. मग 'सॉरी' म्हटलं, ठिपका पुसला. आठवड्याभरात तो परत तिथेच! कारण राग जिभेवर दिसतो, मुरलेला मात्र आत असतो. ४० व्या श्लोकात भगवान कामाची घरं सांगतात : इंद्रियं, मन आणि बुद्धी. लगेच पुढे म्हणतात, आधी इंद्रियं आवर.

म्हणजे सुरुवात जिभेपासून. घरात शिरण्याआधी दोन मिनिटं जिन्यात थांबा, नाम घ्या. हेच आपलं रोजचं वॅक्स. आणि चुकलं तर स्वतःला शिव्या देत बसू नका, ते ॲसिड आहे.

एक मात्र खरं. क्रोमचे पोपडेच सुटले असतील तर पॉलिश चालत नाही. जुना थर उतरवून निकेल आणि क्रोम नव्याने चढवावं लागतं. एखादं नातं तिथवर आलं असेल, तर 'सॉरी'चा मेसेज पुरणार नाही. समोर बसा, सगळं ऐकून घ्या.

आज कोणाजवळ बसणार आहात?

राम कृष्ण हरी!