खात्री आणि सत्ता

आपल्या श्रद्धेविषयी पूर्ण खात्री असलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं मूल सोपवावं का? व्हाइटफील्डमध्ये, जिथे एकाच मजल्यावर तीन-चार भाषा आणि धर्म नांदतात, हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. आपलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: खात्री जितकी सैल, तितकी सहिष्णुता जास्त.

आउगुस्ट हेरमान फ्रांकेचं (१६६३–१७२७) आयुष्य या उत्तराला दुजोरा देतं. धर्म आचरणात दिसावा असा या लुथरन धर्मशास्त्रज्ञाचा आग्रह. १६९१ मध्ये एरफुर्ट शहरानं त्याला हाकललं. पुढे हाले विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. शेजारच्या ग्लाउखा वस्तीत त्यानं गरीब मुलांसाठी शाळा काढली, अनाथाश्रम उभारला. मात्र १७२१ मध्ये त्याच विद्यापीठात ख्रिस्टियान वोल्फनं कन्फ्यूशियसचा दाखला देत मांडलं, की ख्रिस्ती धर्माच्या आधाराशिवायही माणूस सदाचार ओळखू शकतो. फ्रांके त्याच्या विरोधकांत होता. १७२३ मध्ये प्रशियाच्या राजानं वोल्फला हुकूम दिला: ४८ तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी. स्वतः हाकलला गेलेला माणूस दुसऱ्याच्या हद्दपारीनं हळवा होतोच असं नाही.

पण याच हालेत शिकलेला ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये त्रांकेबारला आला. तंजावरच्या तुळजाजी राजे भोसल्यांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या हवाली केला. श्वार्ट्झ मिशनरी होता, भावी राजा त्याच्या हाताखाली होता. तरीही सरफोजी हिंदूच राहिले. गादीवर आल्यावर त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. आणि गुरूचं संगमरवरी स्मारक शिल्पकार फ्लॅक्समनकडून घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं.

श्वार्ट्झच्या संयमात राजकारणाचा हिशेबही असेल. पण शिष्याची अशी कृतज्ञता नुसत्या हिशेबातून उगवत नाही. श्वार्ट्झची श्रद्धा फ्रांकेपेक्षा सैल होती, असंही मला वाटत नाही. फरक दुसरीकडे आहे. हालेमध्ये वाद राजाच्या हुकमानं मिटवला गेला. तंजावरात राजपुत्र हाती असूनही गुरूनं हुकमाची वाट धरली नाही.

म्हणून शिक्षकाला मी त्याची खात्री किती पक्की, हे विचारणार नाही. शिष्य पटला नाही तर तुम्ही काय कराल, एवढंच विचारीन. वोल्फचं म्हणणं अखेर खरं ठरलं, तेही हालेच्याच विद्यार्थ्यानं घडवलेल्या एका मराठी राजाच्या आयुष्यात.