आधी उराउरी भेट, मग नेम

वाचकहो, भजनाला नवा माणूस येऊन बसला, तर ‘तू कोण?’ हे आधी विचारावे, की त्याच्या हाती आधी टाळ द्यावे? प्रश्न लहान दिसतो खरा. पण संप्रदायाचा जीव यातच आहे असे आम्हांस वाटते. त्याचा विचार करण्यासाठी आज आम्ही एका ख्रिस्ती उपासनामंडळाचे उदाहरण घेत आहो. कोणी बिचकू नये. दुसऱ्याच्या घरच्या आरशातही आपलेच तोंड दिसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. जन्म १८६१ सालचा, कोकणातला. पण १८६९ ते १८७३ ही शाळेची वर्षे गेली ती आमच्या विठ्ठलवाडीच्या शेजारी, कल्याणात. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या, मग त्याही त्या वाटेने गेल्या. ती हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. आम्हांस येथे सांगायचे ते निराळेच. टिळकांनी धर्म बदलला, पण तुकोबांचे बोट सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे ते सांगत. परदेशी चालीची गाणी मराठी माणसाच्या काळजाला भिडेनात, म्हणून त्यांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तने केली. मराठी चर्चांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची पदे आजही आहेत.

पुढे १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे पगारी काम सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य होऊ पाहणाऱ्या प्रत्येकास तेथे जागा होती. घरदार आणि जात सुटण्याचे भय ज्यांना बाप्तिस्म्यापाशी अडवीत होते, त्यांनाही दरबार आपले म्हणे. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. दरबाराला त्यांचा हात दोन वर्षेही लाभला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र उरला. देवाच्या माणसांत कोणाला मोजायचे, आणि मोजणारे आपण कोण?

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, कुंपण काढले की शेतात गुरे शिरायचीच. सगळेच आपले म्हटले तर पंथ उरतो कुठे?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या मंडळाला काही नेमच नाही, ते चार दिवसांच्या जत्रेसारखे उठून जाते. पण आपल्याच वारीकडे पाहा. वाटेत कोणी दिंडीत शिरला, तर ‘माळ दाखव’ असे आपण म्हणतो काय? तो चालतो, गातो, दमतो, कोणीतरी त्याला पाणी देते. मग एखाद्या साली तो आपण होऊन माळ मागतो. एकादशी, हरिपाठ, मद्यमांसाचा त्याग हे सगळे मागून येते. नेम हे प्रेमाला आलेले फळ आहे. दारावर फाडायचे तिकीट नव्हे. टिळकांनीही शिष्यत्वाची अट काढली नव्हती. काढली ती फक्त दारावरची झडती.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक बोचरी आहे. दार उघडले म्हणजे स्वागत झाले, असे नव्हे. चोखोबांचे अभंग आपण गायलो आणि चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा पंढरीचे दार हरिजनांस उघडले. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला निराळे बसतात, याचे दुःख त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात मांडले. तोंडात एकच नाम, पण पंक्ती दोन! ख्रिस्ती मंडळ्याही यातून सुटल्या नाहीत. प्रभुभोजनात एक भाकर मोडून सर्वांनी खावी हा त्यांचा विधी आपल्या काल्याच्या किती जवळचा. तरी जात तेथेही मागल्या दाराने शिरलीच.

म्हणून काही मंडळ्यांस मोघम स्वागत पुरेसे वाटत नाही. टिळकांनी ज्या मिशनची नोकरी सोडली, ते अमेरिकेतील ज्या चर्चपरंपरेतून आले, तिचा वारसा आज ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट’कडे आहे. त्या चर्चच्या महासभेने १९८५ साली समलिंगी माणसांचे नाव घेऊन मंडळ्यांना विनंती केली, की यांना आपण सामावून घेतो असे उघड सांगा. निर्णय ज्या त्या मंडळीवर सोपविला. सर्वांस तो मानवला असे नाही, आणि आमच्या वाचकांतही मतभेद होतील. पण त्यामागचे मर्म ध्यानी घ्यावे. ज्याला आजवर हाकलले, त्याला ‘सगळे या’ ही हाक ऐकूच येत नाही. त्याला नाव घेऊनच बोलवावे लागते.

आमची विठ्ठलवाडी तर येणाऱ्यांचीच वस्ती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, आणि शेजारी उल्हासनगर वसले. देश-कोकणचे लोक पोटासाठी येथे उतरले. विठोबाचे नाव गावाच्या पाटीवरच आहे. ते आपल्या वागण्यात आहे का, एवढेच पाहायचे. प्रत्येक भजनी मंडळाने स्वतःस विचारावे: आपल्यात जो मागे बसतो, तो मागेच का बसतो? वीणा आजवर कोणाच्या गळ्यात पडलीच नाही? प्रसादाच्या वेळी कोण हळूच उठून जातो?

उत्तर सापडले की सभा भरवू नये. त्या माणसाकडे जावे, त्याच्या पाया पडावे, आणि हाताला धरून पंक्तीत आपल्या शेजारी बसवावे. नेमाचे मग पांडुरंग पाहून घेईल.

रामकृष्णहरि!