ओळखीची अमानत

वाचकहो, मोबाईलवर एखादी नवी सेवा सुरू करताना पडद्यावर सूचना येऊ लागतात. ओळखपत्र दोन्ही बाजूंनी दाखवा, चेहरा चौकटीत आणा, पापण्या मिटा. मिनिटभरात काम होते. त्या मिनिटात आपण आपले नाव, जन्मतारीख, पत्ता, बारा अंकी आधार क्रमांक आणि स्वतःचा चेहरा अशा लोकांच्या स्वाधीन करतो, ज्यांना आपण कधी पाहिलेले नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही. ही केवळ व्यवहाराची बाब आहे, असे समजून आपण पुढे जातो. परंतु जेथे एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती जाते, तेथे अमानतीचा प्रश्न उभा राहतो. आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागणार आहे, यावर आपली श्रद्धा आहे.

ओळख पटवून मागणे मुळात गैर नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि त्यावर साक्षीदार घेण्याची सविस्तर शिकवण आहे. खाते उघडणारा कोण आहे हे बँकेने पाहिलेच नाही, तर लुबाडला जातो तो प्रामाणिक खातेदार. म्हणून 'कोणालाही काहीही दाखवणार नाही' ही भूमिका व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. काही जण यावर सोपा तोडगा काढतात, खोटी जन्मतारीख लिहून मोकळे होतात. माझ्या मते हा मार्ग आपला नव्हे. मागणारा अधिकाराबाहेर जात असेल, तर नकार द्यावा; खोटे बोलू नये.

मात्र खात्री करून घेणे आणि साठवून ठेवणे ही दोन भिन्न कृत्ये आहेत, आणि सारा घोटाळा त्यांच्या सरमिसळीतून होतो. अमानती त्यांच्या धन्यांना पोहोचत्या करण्याचा आदेश सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. अनेक भाष्यकार या आयतीच्या संदर्भात मक्काविजयाचा, हिजरी ८ मधील प्रसंग सांगतात. काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडे असे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मागवली, दार उघडले, आत गेले आणि बाहेर आल्यावर किल्ली उस्मान यांच्याच हाती परत दिली. संपूर्ण शहर त्यांच्या अधीन झालेले होते. किल्ली ठेवून घेतली असती, तर अडवणारा कोण होता? पण जे काम होते, ते दार उघडण्याचे होते. आपले ओळखपत्र मागणाऱ्यांचेही काम बहुधा एवढेच असते. दार उघडल्यावर किल्ली परत देणारे मात्र विरळा.

अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी असलेल्या 'टी' नावाच्या अ‍ॅपचे उदाहरण पाहा. सदस्य खरोखर स्त्री आहे, याची खात्री व्हावी म्हणून तिचे छायाचित्र आणि कधी ओळखपत्रही मागितले जाई. पडताळणीनंतर ही छायाचित्रे पुसून टाकली जातील, असे कंपनीच्या धोरणात म्हटले होते. जुलै २०२५ मध्ये या अ‍ॅपची सुमारे ७२ हजार छायाचित्रे परक्यांच्या हाती लागली. त्यांपैकी सुमारे १३ हजार ही नेमकी पडताळणीसाठी दिलेली छायाचित्रे आणि ओळखपत्रे होती. सुरक्षिततेसाठी जे मागितले, तेच असुरक्षिततेचे कारण ठरले.

'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही', असे पुष्कळ सज्जन म्हणतात. त्यांच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही. पण चोराला आपले दोष नको असतात, त्याला आपली पत हवी असते. आपल्या पॅन क्रमांकावर कर्ज उचलले जाते. आपल्या नावावरचे सिमकार्ड वापरून दूरच्या एखाद्या विधवेची पुंजी लुटली जाते आणि पोलीस प्रथम आपल्या दारी येतात. फसवणाऱ्याचे पाप त्याचेच. पण हत्यार आपल्या नावाचे असते. म्हणूनच ही सावधगिरी निव्वळ स्वार्थाची नव्हे, तिच्यात इतरांचा हक्कही गुंतलेला आहे.

शिवाय येथे हानीची भरपाई सारखी नसते. पासवर्ड मिनिटात बदलता येतो, बोटांच्या रेषा बदलता येत नाहीत. आधारच्या साहाय्याने पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. आपल्याच देशात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांच्या नकला बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची पडताळणी कुलूपबंद ठेवण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिलेली आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण ज्या उम्मतीला मिळाली, तिच्या किती घरांत हे कुलूप लावलेले असेल?

फिक्हशास्त्रज्ञांचा एक नियम येथे कामी येतो: गरजेमुळे ज्याची मुभा मिळते, ती गरज असेल तेवढ्यापुरतीच. बँकेसाठी आवश्यक असलेली माहिती खेळाच्या अ‍ॅपला देण्याचे कारण नाही. आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारे कार्ड चालत असेल, तर पूर्ण क्रमांक का द्यावा? झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहावे. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक चालू आहेत ते दिसते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच तक्रार करता येते. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला देऊ नका, असे पत्रक काढले होते. दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले आणि नेहमीची सावधगिरी बाळगा, असे सांगण्यात आले. नेहमीची सावधगिरी म्हणजे कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे!

आणि ठरवण्याची मुभा तरी प्रत्येकाला असते का? सुशिक्षित माणूस अटी वाचून नकार देऊ शकतो. रेशन, शिष्यवृत्ती किंवा नोकरी ज्याची अडलेली आहे, त्याच्यापुढे नकाराचा पर्याय नसतो. त्याची संमती कागदावर असते, मनात नसते. म्हणून या प्रश्नाचा जड भाग देणाऱ्याच्या नव्हे, मागणाऱ्याच्या पारड्यात आहे, असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये, आणि परत जा म्हटल्यास परत जावे, ही सूरह नूरची शिकवण तर आपण लहानपणीच ऐकलेली असते.

वाचकहो, हा मागणारा नेहमी दूरची कंपनीच असतो, असे समजू नका. उमराहच्या यात्रेकरूंचे पासपोर्ट मोबाईलवर मागवून घेणारा दलाल आपल्याच मोहल्ल्यातला असतो. रमजानमध्ये जकातीसाठी अर्ज मागवणाऱ्या समित्या आपल्याच असतात. विधवांची आधारपत्रे, बँकेची पासबुके, मुलींची छायाचित्रे कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतात. वाटप होते, हिशेब वाचला जातो, आणि ती छायाचित्रे वीस-पंचवीस मोबाईलांत तशीच पडून राहतात. त्यांतला एखादा मोबाईल पुढे विकला जातो, एखादा मुलांच्या हाती जातो. जकातीचा पैसा पै-पैचा हिशेब लावून पोहोचवणारी समिती या कागदांचा हिशेब कोणत्या वहीत लिहिते? पुढच्या रमजानचे अर्ज छापण्याआधी गेल्या वर्षीचे कागद कोणाच्या कपाटात आणि कोणाच्या मोबाईलमध्ये आहेत, याची विचारणा समितीच्या बैठकीत आपणच करावी. ज्यांची गरज उरलेली नाही, ते फाडून टाकावेत, मोबाईलमधून पुसावेत, आणि तसे केल्याचे त्या भगिनींना कळवावे.