शेजार कुठे संपतो?

"माझ्या पैशाने मी काय खावे, कोणती गाडी चालवावी, सुट्टीत कुठे जावे, हे सांगणारे तुम्ही कोण?" पर्यावरणाची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न उद्धट वाटला तरी टाकाऊ नाही. आपण परदेशात आलो ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी. पण इथे रमलो त्याचे एक कारण असेही आहे की इथे आपल्या घरात कोणी डोकावत नाही. कोणी काय घालावे, किती वाजता घरी यावे, यावर आळीत चर्चा होत नाही. हे स्वातंत्र्य सुखावणारे आहे. पर्यावरणाच्या नावाने कोणी त्याला कात्री लावू लागले तर मनाला लागणारच.

जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात यासाठी एक सोपी कसोटी दिली. माणसाच्या वागण्याने दुसऱ्याचे नुकसान होत नसेल, तर समाजाने त्याच्यावर सक्ती करू नये. अगदी त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. कसोटी उत्तम आहे. अडचण एवढीच की हा ‘दुसरा’ नेमका कुठे उभा आहे, हे दर वेळी दिसत नाही.

आपल्या लंडनचेच उदाहरण घ्या. इथे घरोघरी फायरप्लेसमध्ये दगडी कोळसा जळत असे. इंग्रज कुटुंबात त्या शेकोटीला जवळजवळ आपल्या देवघराचा मान होता. जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकाने डिसेंबर 1945 मध्ये तिची बाजू घेणारा लेख लिहिला. तिच्याभोवती सारे घर एकत्र बसते, हा त्याचा एक मुद्दा होता. त्यानंतर सात वर्षांनी, 5 ते 9 डिसेंबर 1952 या दिवसांत, वारा पडला आणि धूर शहरावरच साचून राहिला. सुमारे 4,000 माणसे दगावली असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या संशोधकांनी हा आकडा 12,000 पर्यंत नेला. धूर वीजकेंद्रांचा होता, कारखान्यांचा होता आणि लाखो घरांचाही होता. कोणीच कोणाला मारले नव्हते. प्रत्येकाने फक्त आपले घर ऊबदार ठेवले होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण धुरालाही लागू पडते.

1956 साली ‘क्लीन एअर ॲक्ट’ आला. ठरवून दिलेल्या भागांत घरातसुद्धा धुराचा कोळसा जाळायला बंदी झाली. म्हणजे सरकार थेट माणसाच्या चुलीपर्यंत पोचले! पण चूल बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीतून दिला गेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नुसती बंदी आणि पर्याय देऊन घातलेली बंदी यांत फार फरक आहे.

हाच धडा आपल्याकडे पाण्याच्या बाबतीत मिळतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. "माझी जमीन, माझा पैसा, मी हवी तेवढी खोल बोअरवेल मारीन," असे कोणताही शेतकरी म्हणू शकतो. पण जमिनीखालच्या पाण्याचा सातबारा नसतो. एकाची बोअरवेल खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने 1990 नंतर या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, श्रमदान केले, चर खणले, बंधारे घातले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही ठरवले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, ही तिथली रीत झाली. पोटासाठी शहरात गेलेली कित्येक कुटुंबे गावी परतली. ऊस लावण्याचे स्वातंत्र्य गेले, पण गावात राहण्याचे स्वातंत्र्य मिळाले. दोन्हींपैकी मोठे कोणते, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

मात्र प्रत्येक नियम इतका सरळ उतरत नाही. 29 ऑगस्ट 2023 पासून ‘युलेझ’ लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये लागू झाला आणि जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडू लागले. तक्रार झाली आणि ती खोटी नव्हती. भुर्दंड बसला तो जुनी व्हॅन चालवणाऱ्या प्लंबरला, रात्रपाळीच्या नर्सला. नवी कोरी, अवाढव्य गाडी घेणारा मात्र फुकट सुटला. दुसऱ्या पारड्यात काय होते तेही पाहा. ल्युइशममध्ये रहदारीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची दमेकरी मुलगी 2013 मध्ये गेली, आणि तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते असा निर्णय कोरोनरने डिसेंबर 2020 मध्ये दिला. कोणती हवा घ्यायची, हे निवडण्याचे स्वातंत्र्य तिला नव्हते. म्हणून मला नियम योग्य वाटतो. जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी 2,000 पौंडांपर्यंतची मदत सर्व लंडनकरांना खुली झाली ती ऑगस्ट 2023 मध्येच. ती बरीच आधी खुली व्हायला हवी होती, एवढेच.

आता जरा आपल्या उंबऱ्याकडे वळू. लंडन-मुंबई-लंडन या एका फेरीत साध्या वर्गातल्या प्रवाशामागे साधारण एक टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतातला सरासरी माणूस वर्षभरात जेमतेम दोन टन सोडतो. म्हणजे आपले चौकोनी कुटुंब एकदा गावी जाऊन आले की सरासरी दोन भारतीयांचे वर्ष खर्ची पडले! गाडीच्या पेट्रोलवर इथे भरपूर कर आहे, आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर मात्र नाही. आकाशाला अजून ग्रामसभा नाही.

म्हणून काय गावी जाऊ नये? असे मी मुळीच म्हणणार नाही. आईवडील थकत चालले आहेत आणि व्हिडिओ कॉलवर पाया पडता येत नाही. पण गरज आणि हौस यांतला फरक आपल्याला कळतो. दोन धावत्या फेऱ्यांऐवजी रजा जोडून एक लांबलेली फेरी करता येते. आमच्या संगणक क्षेत्रात तर तिथूनही थोडे दिवस काम करता येते. स्वस्त तिकीट दिसले म्हणून दोन दिवसांसाठी कुठेतरी उडायचे, हे मात्र टाळता येते. आणि उद्या विमानाच्या इंधनावर कर आला, तर तिकीट महागले तरी आपण त्याच्या बाजूने उभे राहायला हवे. त्यातून कमी मिळकतीच्या, वर्षा-दोन वर्षांतून एकदाच घरी जाणाऱ्या माणसाला सवलत कशी द्यायची, हा वाद अवश्य घालावा.

"माझ्या एकट्याने काय होणार?" असे कोणी म्हणेल. 1952 च्या डिसेंबरात प्रत्येक लंडनकराला असेच म्हणता आले असते. एकट्याच्या विवेकाने धुके हटत नाही, त्याला सर्वांनी मिळून केलेला नियम लागतो, हे मान्य. पण असा नियम मागणारी आणि आला की पाळणारी माणसे विवेकातूनच तयार होतात.

लहानपणी आपल्याला शेजारधर्म शिकवला तेव्हा शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा. आज आपल्या धुराचा शेजारी पावसाची वाट पाहणारा मराठवाड्यातला शेतकरी आहे, आणि अजून जन्माला न आलेले आपले पणतूही. त्यांना आपल्या दाराची बेल वाजवून तक्रार करता येत नाही. म्हणूनच त्यांची आठवण आपण ठेवायची.